विट्याजवळच्या कोंबड्यांच्या शेडवरची पीएम (पोस्टमॉर्टम)

विट्याजवळच्या एका दादांचा फोन आला, "डॉक्टर, पक्षी वाढंना झालेत, खात्यात तर दाबून." गावरान क्रॉसच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या होत्या. जाऊन बघितलं तर लिटर (खालचा भुसा) कोरडं, पाणी स्वच्छ, लसी वेळेवर, विष्ठा पण नॉर्मल, त्यामुळं जंत आणि कॉक्सी (आतड्याचा कॉक्सिडिओसिस) डोक्यातनं गेलं. पण पिसं बघून थबकलो, लांबट, विरळ, जाळीदार झालेली, आणि पक्षी खुजे.

दोन अशक्त तलंगा पीएमला घेतल्या. एवढ्याशा पक्ष्याच्या पोटात पिवळी चरबी भरलेली! मग गळ्यापासून छातीच्या तोंडापर्यंत उघडत गेलो. तिथं श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून थायरॉइड ग्रंथी असतात, एरवी मसुरीएवढ्या, लालसर. इथं कितीतरी पट फुगलेल्या. कोंबडीची ही गाठ आत दडलेली असते, माणसाच्या गलगंडासारखी बाहेरून दिसत नाही, म्हणून चुकते. फॉर्मॅलीनमध्ये घालून लॅबला पाठवली, रिपोर्ट गलगंडाचाच आला.

मग खाद्याची खोली बघितली. सोया महागला म्हणून दादांनी मोहरीची पेंड भरपूर वाढवलेली, मिनरल मिक्सचर निम्मं केलेलं, आणि मीठ साधं, बिनआयोडीनचं खडे मीठ. मोहरीच्या पेंडीतले घटक थायरॉइडला आयोडीन नीट वापरू देत नाहीत, आणि इथं मुळात आयोडीनच कमी. हार्मोन बनत नाही मग वाढ खुंटते, पिसं बिघडतात, खाल्लेलं चरबीत जातं.

दादा म्हणाले, "मग आयोडीनचं मीठ टाकतो की, झालं." हे मला सगळीकडं ऐकायला मिळतं आणि खरंच जीव तुटतो, कारण हिशोब बसत नाही. तिथंच खडूनं पोत्यावर मांडून दाखवला. वाढत्या पक्ष्याला किलो खाद्यामागं साधारण ०.३५ मिलिग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे टनाला ३५० मिलिग्रॅम. टनाला मीठ आपण टाकणार ३ किलो, त्यात आयोडीन ३० पीपीएम (किलोला ३० मिलिग्रॅम) धरलं तरी मिळालं ९० मिलिग्रॅम, आणि दुकानातल्या मिठात तर किमान १५ पीपीएमचीच हमी असते. बाकीचं कुठनं येणार? अंड्यावरच्या लेयरचं याच्या दहाव्या हिश्शावर भागतं, म्हणून तिथं चालून गेलेलं तलंगांना चालत नाही.

मोहरी पेंड जवळजवळ बंद केली, मिनरल मिक्सचर पुरतं केलं, त्यात कॅल्शियम आयोडेट असलेलं घेतलं, पोटॅशियम आयोडाइडमधलं आयोडीन उघड्या पोत्यात दमट हवेत उडून जातं म्हणून ते टाळलं. नवीन पिसं चांगली आली, बऱ्याच तलंगा सावरल्या, अगदी खुज्या राहिलेल्या तशाच राहिल्या आणि दादांनी त्या मटणाला काढल्या.

आता मिक्सचरचं पोतं घ्यायच्या आधी दादा लेबलचा फोटो पाठवतात. परवाच्या पोत्यावर आयोडीनची ओळच नव्हती, म्हटलं घेऊ नका ते.