चूल, पलंग आणि न्हाणी

मानसिक आजारांच्या ओपीडीत पेशंट भावाचा धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून बसलेला असतो. 'घरी सगळं नीट आहे ना?' 'हो.' साठवणुकीचा आजार (काहीच टाकवत नाही, घर भरत जातं) आणि स्वतःची आबाळ नजरेतून सुटते ती इथेच. म्हणून कुणीतरी एकदा घरी जाऊन यायला हवं. आशाताई गेल्या तरी चालेल.

मराठवाड्यातल्या घरात साठवण असणारच. टँकरच्या भरवशावरच्या गावात दोन ड्रम आणि रांजण भरून ठेवणं हा शहाणपणा झाला. सोयाबीनच्या रिकाम्या गोण्याही लागतातच. तेव्हा सामान मोजत बसू नका, जागा वापरात आहे का ते बघा. शेगडी पेटवता येते? पलंगावर झोपता येतं, की गाठोड्यांच्या फटीत अंग टाकतात? न्हाणीत बादली मावते? तिन्हीकडे 'नाही' आलं तर तो नुसता पसारा नाही. यासाठी स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली यांच्या प्रत्येकी नऊ, अडगळ वाढत जाणाऱ्या चित्रांची एक मोजपट्टी आहे. चौथ्या चित्राइतकी किंवा त्याहून जास्त अडगळ असली की मदत लागते असं धरतात.

मग एक चिंधी उचलून विचारा, 'ही टाकू का?' साठवणुकीचा आजार असलेला माणूस कासावीस होतो, ती का लागेल याची कारणं सांगतो. २०१३ मध्ये डीएसएम-५ ने (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या वर्गवारीने) या आजाराला ओसीडीपासून (मंत्रचळापासून) वेगळं स्थान दिलं. जुन्या स्किझोफ्रेनियात (भास-भ्रमांच्या आजारात) बऱ्याचदा वेगळंच दिसतं: उकिरड्यावरून आणलेल्या पिशव्यांत जीव गुंतलेला नसतो, फक्त त्या बाहेर टाकण्याची उभारी उरलेली नसते. उतारवयात हे नव्यानेच सुरू झालं असेल तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), नैराश्य, दारू आणि थायरॉइड तपासल्याशिवाय 'स्वभावच तसा' म्हणू नका.

आबाळ अंगावर वाचता येते. वाढून वळलेली नखं, लघवीचा वास, सैल झालेले कपडे बघा. चप्पल काढायला लावून तळपाय बघाच. मधुमेहात तिथली जखम दुखत नाही आणि चिघळते. केसांची जट झाली की गावात देवीचं नाव निघतं आणि पुढे कुणी हात लावत नाही. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, खाली उवा आणि फोडही असू शकतात. गोळ्यांची पाकिटं मागून घ्या. तीन महिन्यांची न फोडलेली पाकिटं सापडली, तर 'औषध लागू पडत नाही' या तक्रारीचा उलगडा तिथेच होतो.

लिथियम हे मूड सावरणारं औषध चालू असेल तर एप्रिल-मेमध्ये जास्त जपा. पाणी कमी पडलं की रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरले, उलट्या-जुलाब झाले, झोक जायला लागला, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरेच दिवस उपाशी असलेल्यालाही घरीच पोटभर जेवू घालू नका. एकदम अन्न मिळालं की रक्तातले क्षार कोसळतात. त्याला आधी दवाखान्यात न्या.

सगळ्यात मोठी चूक नातेवाईक करतात: पेशंट भरती असताना ट्रॅक्टर लावून घर रिकामं करतात. परत आल्यावर विश्वास जातो, संशय वाढतो आणि पसारा पुन्हा साठतो. त्यापेक्षा त्याच्यासमोर, त्याच्या होकाराने, रोज वीस मिनिटं काढा. आधी दारापर्यंत माणूस जाईल एवढी वाट, मग शेगडीभोवतीची जागा आणि विजेचा बोर्ड. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, विंचू निघतात.

घरच्यांनीच वाऱ्यावर सोडलं असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०१ प्रमाणे पोलीस ठाण्यात कळवा. तिथून मॅजिस्ट्रेटकडे अहवाल जातो. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. पुढच्या भेटीत पुन्हा चूल, पलंग, न्हाणी बघा आणि पाकिटातल्या गोळ्या मोजा.