रंगपट्टी लॉग, भाग ३: मालवणच्या हिरव्या पाण्यात लाल किती खोल टिकतो

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय. मागच्या भागातली पट्टी एकदाची पाण्यात गेली. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पांढऱ्या पीव्हीसी शीटचा तुकडा, त्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानातली इन्सुलेशन टेप, लाल पिवळी हिरवी निळी काळी, आणि एक फ्लोरोसंट नारिंगी जी स्टेशनरीवाल्याकडे मिळाली, समोर हातभर अंतरावर अ‍ॅक्शन कॅमेरा, खाली शिशाची वजनं आणि वर दोरी, दर मीटरला एक गाठ. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) लॉक करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ऑटोवर ठेवलं की कॅमेरा आपल्या मनानं लाल वाढवत बसतो आणि मग मोजलं ते पाण्याला नाही तर कॅमेऱ्याच्या हुशारीला.

होडीवाल्या काकांनी हा सगळा जामानिमा बघितला आणि म्हणाले, "मासे गरवूक इलंस की रंग वाळत घालूक?" पण दोरी धरायला तेच सगळ्यात पुढे.

आता रिझल्ट. एक मीटरला फारसा फरक नाही. तीनच्या गाठीला लाल टेप विटकरी झाली होती आणि सहाच्या आसपास लाल आणि काळी शेजारी शेजारी ठेवून ओळखू येईना. इथपर्यंत अपेक्षितच होतं, पाणी लाल प्रकाश आधी खातं हे सगळ्यांना माहीत आहे. मजा निळ्या टेपमध्ये आहे. नेटवर जिथे बघाल तिथे लिहिलेलं असतं की समुद्रात निळा रंग सगळ्यात खोल जातो, आणि ते खरंच आहे पण लांबच्या स्वच्छ पाण्यात, जिथे साधारण ४७५ नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यात खोल पोचतो. आपल्याकडे खाडीतून येणारा कुजलेल्या पानांचा पिवळसर अंश आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य दोन्ही मिळून निळा पण गिळतात. म्हणजे दोन्ही टोकं कापली जातात आणि मधला हिरवा उरतो. माझी निळी टेप खाली चक्क काळपट निळसर राखाडी आली आणि हिरवी-पिवळी मात्र मस्त.

त्यामुळे माझं मत असं झालंय की कोरल रीफवरचं वाचून कोकणच्या माशांबद्दल काही ठरवायचंच नाही, आधी पाणी बघायचं आणि मग डोळा. यावर एक जुना पण भारी अभ्यास आहे, १९९४ चा, लिथगो आणि मंडळींचा, ग्रेट बॅरियर रीफवर. त्यांनी तांबोशीच्या कुळातले, म्हणजे ल्युट्जानस, मासे घेतले, काही बाहेरच्या निळ्या पाण्यातले, काही किनाऱ्याजवळच्या हिरव्या गढूळ पाण्यातले, आणि डोळ्यातली रंगद्रव्यं मोजली. एकाच कुळातले जवळचे भाऊबंद, पण जसजसं किनाऱ्याकडे यावं तसतशी त्यांच्या जोडशंकूंची (शंकू म्हणजे डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी, इथे जोडीने असलेल्या) संवेदनशीलता निळ्याकडून हिरव्याकडे सरकलेली. आपल्या खाडीत मिळणारी तांबोशी याच कुळातली, तर आता बाजारात ती दिसली की मी आधी डोळा बघतो, भाव नंतर विचारतो.

आणि राणी मासा घ्या. बाजारात इतका गुलाबी की लांबूनच ओळखू येतो. पण तो राहतो तळाशी, कित्येकदा तीस-चाळीस मीटरवर, तिथे लाल प्रकाशच नाही म्हटल्यावर गुलाबीतला लाल भाग परत फिरवायला काही शिल्लकच नाही, खाली तो राखाडीच दिसणार. लाल असणं म्हणजे तिथे लपणं. तो गुलाबी फक्त आपल्या टोपलीत.

आता फ्लोरोसंट टेप. लाल गेली, साधी पिवळी मळकी झाली, पण ही सगळ्यात खोल गाठीला पण ढळढळीत नारिंगी. कारण ती रंग नुसता परत फिरवत नाही, निळा-हिरवा प्रकाश आत घेऊन नारिंगी करून बाहेर टाकते, म्हणजे जो रंग पाण्यात पोचतच नाही तो जागेवर तयार होतो. अगदी हेच काम अ‍ॅनिमोन, झोअँथिड (दगडावर चटईसारखे पसरणारे प्रवाळाचे नातलग), प्रवाळ करतात.

हे बघायला डायव्हिंग लागत नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर अमावस्येच्या आसपास रात्रीची ओहोटी गाठायची, ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू टॉर्च घ्यायचा आणि डोळ्यासमोर पिवळा अ‍ॅक्रिलिक फिल्टर धरायचा. फिल्टर परत आलेला निळा अडवतो, म्हणजे जे काही दिसेल ते प्राण्याने स्वतः बनवलेलं. दिवसा चिखलाच्या रंगाची वाटणारी झोअँथिडची चटई, त्यात प्रत्येक पॉलिपच्या, म्हणजे चटईतल्या एकेका छोट्या जीवाच्या, तोंडाभोवती पोपटी कडं, काहींच्या फक्त शुंडकांची टोकं पेटलेली आणि मधला भाग काळा. (फ्लोरोसंट रंगाचं प्लास्टिक पण तितकंच चमकतं, आणि ते प्राण्यांपेक्षा जास्त सापडतं, असो.) काही उचलायचं नाही, दगड उलटा केला तर परत तसाच ठेवायचा.

या चमकेमागचं पहिलं प्रोटीन, जीएफपी (ग्रीन फ्लोरोसंट प्रोटीन), ओसामू शिमोमुरांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं काढलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच, शाल्फी आणि त्सिएन यांच्यासोबत. पण प्रवाळ चमकतात कशासाठी यावर अजून भांडणं आहेत. उथळ पाण्यात सनस्क्रीन, खोलवर आतल्या शैवालाला प्रकाश पुरवणं, भक्ष्याला भुलवणं, सगळे दावे आहेत. चमकतं म्हणजे कोणाला तरी दाखवायलाच असं मला तरी पटत नाही. रक्त कोणाला दाखवायला लाल नसतं.

तिसरं प्रकरण माकूळ आणि ऑक्टोपस. मालवणला सकाळी रापण ओढली तेव्हा जाळ्यात एक छोटं माकूळ जिवंत आलं, मोबाईलला मॅक्रो क्लिप लावून कातडी बघितली. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी, लालसर, पिवळे ठिपके, क्षणात फुगून एकमेकांना टेकतात आणि क्षणात परत टिंब. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची लवचिक पिशवी, तिला चहूबाजूंनी बारीक स्नायू, स्नायू आखडले की पिशवी ओढली जाऊन पसरते, सैल सोडले की आकसते. हुकूम थेट मेंदूकडून येतो म्हणून इतका स्पीड.

आणि एवढं सगळं करणारा प्राणी स्वतः रंगांध! डोळ्यात एकच प्रकारचं दृष्टीद्रव्य. २००६ मध्ये हॅनलन यांच्या टीमने समुद्रफेसवाल्या माकळांना (कटलफिशना) निळ्या-पिवळ्या चौकटींवर बसवलं, दोन्ही रंगांची उजळता त्यांच्या डोळ्याला सारखी पडेल अशी, तर त्यांनी चौकटींची दखलच घेतली नाही, सपाट तळ असल्यासारखी बसून राहिली. उजळतेत फरक ठेवला की लगेच अंगावर नक्षी. मग रंग जुळतो कसा? एक तर पिशव्यांमधले रंग आधीच दगड-शेवाळाच्या जातीचे आहेत, आणि खालच्या थरातल्या पेशी आजूबाजूचा प्रकाश जसाच्या तसा परत फेकतात. मी डबक्यातल्या ऑक्टोपसच्या फोटोतून लाल चॅनल काढून उरलेल्याचं ग्रेस्केल केलं. रंगीत फोटोत तो दगडापेक्षा जरा तांबूस वाटत होता, ग्रेस्केलमध्ये कडच सापडेना.

तारकर्लीच्या टूरवाल्यांचे डॉल्फिन पण याच रांगेत बसतात. २००१ मध्ये पाइश्ल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की देवमासे, डॉल्फिन, सील यांच्या डोळ्यात निळ्यासाठीचे शंकूच नाहीत. समुद्रात जन्म काढायचा आणि नेमका निळा गायब, याचं समाधानकारक उत्तर मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

मँटिस श्रिंपबद्दल (कोळंबीसारखा दिसणारा, डोळ्यांसाठी प्रसिद्ध समुद्री प्राणी) दर वेळी विचारता म्हणून सांगतो: हो, रंगांसाठी १२ प्रकारच्या ग्राही पेशी, पण २०१४ मध्ये चाचणी घेतली तेव्हा जवळजवळचे रंग ओळखण्यात तो माणसापेक्षा बराच कच्चा निघाला. "आपल्याला कल्पनाही करता येणार नाहीत असे रंग" वगैरे फॉरवर्ड बंद करा प्लीज.

सध्या टेबलावर पुढचं काम उघडून ठेवलंय. माकळांना रंग नाही पण प्रकाशाची ध्रुवण दिशा (प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ती) दिसते, २०१२ च्या एका प्रयोगात तर जेमतेम एक अंशाचा फरक ओळखला. तो प्रयोग एलसीडी स्क्रीन वापरून केला होता, म्हणून मी पण जुन्या मॉनिटरची पुढची पोलरायझर फिल्म सोलतोय. फिल्म निघालेल्या भागात आपल्याला नुसता पांढरा उजेड दिसतो आणि पोलराइज्ड गॉगल घातला की त्याच पांढऱ्यात विंडोजचा डेस्कटॉप उगवतो. गोंद मात्र भयंकर चिवट आहे, कोणाला युक्ती माहीत असेल तर सांगा.

आणि कोणी नेत्राणीला (कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळचं बेट) डायव्हिंगला चाललं असेल तर पट्टी न्या ना, तिथलं पाणी आपल्यापेक्षा निळं आहे, तुलना करायची आहे. वजन किलोभर पुरे, कॅमेरा केसमध्ये घाला, लाल आणि काळी टेप शेजारी शेजारी लावा, आणि निळ्या टेपचं काय झालं ते आधी कळवा.