आधी वही, मग फोन

लाल समुद्रात जायचं ठरलं तेव्हापासून थिसलगॉर्म या बुडालेल्या जहाजात मी घरबसल्या फिरत होते. 2017 मध्ये संशोधकांनी त्याची त्रिमितीय पाहणी केली आणि 360 अंशांचे व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले केले. जोडीला रोज रात्री डायव्हर मंडळींशी ऑनलाइन गप्पा. आत शिरायचं कुठून, प्रवाह कधी मंदावतो, कुठला टॉर्च न्यायचा. त्या गप्पांनी मला भरभरून दिलंय. मोटरसायकली कुठे ठेवल्यात आणि ट्रक कुठे, हे पाण्यात उतरण्याआधीच मला पाठ होतं. निघताना त्यातल्याच काहींनी मलाही प्रश्न दिले होते, कुठला टॉर्च चालतो ते बघून सांग, असे.

मुक्काम बोटीवरच होता. इजिप्तमधल्या रास मोहम्मद सागरी उद्यानातले दिवस प्रवाळ आणि माशांच्या थव्यांमध्ये सुंदर गेले, त्याबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते थिसलगॉर्मच्या दोन डाइव्हच्या मधल्या वेळाबद्दल.

हे ब्रिटिश मालवाहू जहाज. भूमध्य समुद्र युद्धामुळे धोक्याचा, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून सैन्याचं सामान घेऊन इथवर आलं, आणि 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत बुडालं. 9 माणसं गेली. 1950 च्या दशकात फ्रेंच सागर-संशोधक जाक कुस्तो यांना ते सापडलं, पण त्यांनी नेमकी जागा जाहीर केली नाही. त्यानंतर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हौशी डायव्हर तिकडे फारसे फिरकले नव्हते. आता तिथली गर्दी बघवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा बोटींची दाटी होती, आणि त्यातल्या काहींचे दोर थेट जहाजाच्या लोखंडाला बांधलेले. लाटेबरोबर बोट हलली की प्रत्येक हिसका त्या गंजलेल्या पत्र्यांना बसतो. जिथे माणसं गेली त्या जागेशी असं वागणं मला सहन होत नाही. आपण सगळे एवढं बोलतो त्या जहाजाबद्दल, त्यात दोर कुठे बांधायचा हेही बोललं गेलं पाहिजे.

पहिली डाइव्ह सकाळी लवकर. प्रवाह इतका होता की उतरताना धरलेला दोर सोडायची सोय नव्हती. तळ साधारण 30 मीटरवर. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते, आणि नेहमीच्या तक्त्याप्रमाणे त्या खोलीवर 20 मिनिटांच्या वर थांबता येत नाही. महिनोन्‌महिने ज्याबद्दल बोललो ते बघायला एवढाच वेळ. शिवाय या खोलीला श्वासातल्या नायट्रोजनची हलकी गुंगी चढू शकते, आणि पाहिलेलं नीट लक्षात राहत नाही. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, आमच्याबरोबर आणखी दोन गट शिरले होते. जिकडे तिकडे टॉर्चचे झोत. कुठला उजेड माझ्या बडीचा, म्हणजे जोडीने उतरलेल्या साथीदाराचा, कुठला परक्याचा, काही कळेना. वर आलो ते डोक्यात तुकडे तुकडे घेऊनच.

याआधी एका दुसऱ्या बोटीवर अशाच डाइव्हनंतर माझ्या तेव्हाच्या बडीने वेटसूट उतरवायच्या आधी फोन हातात घेतला होता. आम्ही पाण्यात काही मिनिटं एकमेकांना दिसत नव्हतो, त्यावर एक शब्द नाही. आणि तिकडे कुणा अनोळखी माणसाला हवा कशी पुरवून वापरावी याचा सल्ला लिहिणं चाललेलं. मला ते फार लागलं होतं. पाण्याखाली बोलता येत नाही. ज्याच्या भरवशावर आपण खाली जातो त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो तो वर आल्यावरच. शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून तासन्‌तास वर बसावंच लागतं. तो वेळ बडीच्या हक्काचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

इथल्या गाइडचा एकच नियम होता: आधी वही, मग फोन. दोघांनी शेजारी बसून लॉगबुक भरायचं, खोली, वेळ, उरलेली हवा, काय दिसलं, आणि कुठे अडलं तेही. तोवर फोन केबिनमध्ये. बडी आणि मी जहाजाचा आराखडा काढायला बसलो आणि लगेच वाद सुरू झाला. होल्डमधून बाहेर पडलो ती बाजू मी डावी म्हणत होते, तो उजवी. मग तो म्हणाला, “मी तुला किती वेळ टॉर्च दाखवत होतो, एक क्रोकोडाइल फिश पडला होता खाली, अगदी हातभर अंतरावर.” तो झोत मला दिसला होता, पण दुसऱ्या गटाचा वाटला होता. मग ठरलं, टॉर्च नुसता हलवायचा नाही. समोरच्याच्या पुढ्यात, त्याला दिसेल अशा जागी झोताने सावकाश गोल काढायचा. दुसऱ्या डाइव्हमध्ये माझ्यासमोरच्या पत्र्यावर तो गोल उमटला. मी वळले. आराखड्यावर त्याने फुली मारली होती तिथेच तो मासा होता, चपटा, गाळाच्या रंगाचा, एक डोळा माझ्याकडे वळवलेला. त्या डोळ्यावर झालर असते, हे मी कितीतरी फोटोंत पाहिलं होतं. तिथे मात्र आम्ही दोघं ती एकाच वेळी बघत होतो, आणि मला इतका आनंद झाला की मास्कमध्ये पाणी शिरेपर्यंत हसले.

फोन मी रात्री उघडला. डेकवरच्या टॉर्पेडोसारख्या दिसणाऱ्या एका वस्तूचा बोटीवर कुणालाच उलगडा होत नव्हता. फोटो टाकला, आणि निजायच्या आत उत्तर आलं: ते पॅराव्हेन, समुद्रातल्या सुरुंगांचे दोर कापायला जहाजाबरोबर ओढत न्यायचं साधन. ऑनलाइन गप्पांवर माझा जीव आहे तो यासाठीच. लगेच मी ते आराखड्यावर लिहून ठेवलं, आणि सकाळी सगळ्यांत आधी बडीला सांगितलं.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला निदान 18 तास जाऊ द्यायचे असतात. हे सगळं त्या वेळात लिहिलंय, लॉगबुक मांडीवर ठेवून. टॉर्चबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगते: अरुंद झोताचाच घ्या, पसरट उजेडात आमच्यासारखा गोल उमटणार नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं घरी पोचल्यावर, एकेक करून.