तुम्ही विचारलंत म्हणून: तो तारा फिरताना दिसतो का?

क्ष-किरण सोडणाऱ्या ताऱ्यांवरचं माझं व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. शाळेत येतो, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात येतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकाही विचारतात: "एका सेकंदात चारशे वेळा फिरणारा तारा म्हणतेस, तो तुम्हाला फिरताना दिसतो का गं? आणि दिसत नसेल, तर चारशे हा आकडा आणलात कुठून?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. दुसरा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण विचारणारा माणूस आकड्याला भुलत नाही, तो पुरावा मागतो. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

एकच तारा घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. त्याचं नाव सॅक्स जे 1808.4-3658. बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने तो 1996 साली शोधला, आणि नावातले आकडे म्हणजे आकाशातला त्याचा पत्ता. धनु राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे 11 हजार प्रकाशवर्षं दूर. हा न्यूट्रॉन तारा आहे. म्हणजे सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण व्यास जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. इतक्या दुरून ही वस्तू केवढी दिसेल याचा हिशोब केला, तर चंद्रावर ठेवलेल्या एका विषाणूएवढी. तिचा आकार दाखवेल अशी दुर्बीण नाही. तेव्हा "फिरताना दिसणं" हा मार्ग सुरुवातीलाच बंद होतो.

उरतो तो फक्त तिच्याकडून येणारा प्रकाश, आणि तोही कधी येतो ही वेळ. आमचं सगळं काम या वेळेवर चालतं.

हा तारा एकटा नाही. त्याच्याभोवती सूर्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतक्या वस्तुमानाचा एक साथीदार फिरतो. साथीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो, पण सरळ कोसळत नाही. आधी त्याची तबकडी बनते, तीत तो चक्राकार फिरत आत सरकतो. आतल्या कडेला ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र त्याला पकडतं आणि ध्रुवांकडे वळवतं. तिथे वायू आदळतो, तो भाग लक्षावधी अंशांवर तापतो आणि क्ष-किरण सोडतो. चुंबकीय ध्रुव आणि फिरण्याचा अक्ष एका रेषेत नसले, तर तारा फिरतो तसा हा तापलेला डाग आपल्या समोर येतो आणि बाजूला जातो. समोर आला की चमक किंचित वाढते, बाजूला गेला की किंचित घटते. किंचित म्हणजे चार-पाच टक्के. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण इतकं जबर आहे की प्रकाशाची वाट वाकते आणि डाग मागे वळू लागला तरी त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचत राहतो. चढउतार लहान असण्याचं हे एक मोठं कारण.

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे मोजणी वातावरणाच्या वर जाऊन, बहुतेक वेळा अवकाशातूनच करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी अ‍ॅस्ट्रोसॅट आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी तो श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) तयार झालं. आत झेनॉन वायू भरलेल्या मोठ्या पेट्या आहेत. क्ष-किरणाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, आत शिरला की विजेचा एक बारीक ठोका उमटतो, आणि त्या ठोक्याची वेळ 10 मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवली जाते. आमच्या ताऱ्याची एक फेरी अडीच मिलिसेकंदांत होते. म्हणजे एका फेरीचे अडीचशे भाग पाडता येतील इतकं ते घड्याळ बारीक आहे. विश्लेषणाला बसते तेव्हा माझ्यासमोर कुठलंही चित्र नसतं, वेळांची एक लांबच लांब यादी असते. अमुक क्षणी एक फोटॉन आला, अमुक क्षणी दुसरा.

आता अडचण. तारा मंद असतो तेव्हा सेकंदाला दोन-तीनशे फोटॉन येतात आणि फेऱ्या होतात चारशे. म्हणजे एका फेरीमागे सरासरी एक फोटॉनही नाही! शिवाय ते ओळीने येत नाहीत, कसेही येतात. अशा यादीतून चमकेचा चढउतार नुसत्या नजरेने कधीच सापडणार नाही.

इथे मी नेहमी काठाच्या साडीचं उदाहरण देते. काठावर ठरावीक अंतराने कोयरी आहे. तुम्ही साडीच्या घड्या घालत गेलात आणि घडीची रुंदी बरोबर दोन कोयऱ्यांमधल्या अंतराएवढी ठेवलीत, तर सगळ्या कोयऱ्या एकावर एक येतात. रुंदी केसभर चुकली, तर प्रत्येक घडीला कोयरी थोडी सरकते आणि शंभर घड्यांनंतर काठावर कसलीच नक्षी ओळखू येत नाही. आम्ही वेळांच्या यादीची अशीच घडी घालतो. लाखो फेऱ्यांचे फोटॉन एकमेकांवर ठेवतो. घडीची रुंदी अचूक असेल, तर त्या ढिगातून एक स्वच्छ लाट वर येते: डाग समोर, डाग बाजूला.

रुंदी आधी माहीत नसेल तर? मग फूरिए रूपांतर नावाचं गणित वापरतात. ते सगळ्या शक्य वारंवारता तपासून कुठे जोर दिसतो ते सांगतं. 1998 च्या एप्रिलमध्ये हा तारा पुन्हा उजळला, तेव्हा अमेरिकेच्या रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर या उपग्रहाने त्याच्याकडे पाहिलं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले रूडी वाइनांड्स आणि मिखिल व्हान डर क्लिस यांना त्या मोजणीत 401 हर्ट्‌झजवळ एक सुळका दिसला. सेकंदाला 401 फेऱ्या. या वेगाने ताऱ्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावत असतो.

पण सुळका दिसला म्हणून विश्वास ठेवायचा का? माझ्या विद्यार्थ्यांना मी इथे थांबवते. लाखो वारंवारता तपासल्यात तर एखादा सुळका निव्वळ योगायोगानेही उभा राहतो. उपकरणातल्या विजेच्या मंडलाचीही स्वतःची गुणगुण असते. मग हा ताराच आहे, हे कशावरून?

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट इथे आहे. ती 401 वारंवारता स्थिर नव्हती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दीप्तो चक्रवर्ती आणि एडवर्ड मॉर्गन यांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा ती 400.975 हर्ट्‌झच्या आजूबाजूला झोका घेताना आढळली. वर 0.022, खाली 0.022, पुन्हा वर. एका झोक्याला 7249 सेकंद, म्हणजे दोन तास आणि 49 सेकंद. तारा कक्षेत आपल्याकडे येतो तेव्हा ठोके जवळजवळ पडतात, लांब जातो तेव्हा विरळ. मुंबईतल्या किंवा कुठल्याही प्रयोगशाळेतल्या विजेच्या मंडलाला दोन तास 49 सेकंद पाळायचं काही कारण नाही. उपग्रह स्वतः पृथ्वीभोवती फिरतो, पण त्याची फेरी दीड तासाच्या जरा वर असते, म्हणजे हा झोका त्याचाही नव्हे. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे होणारा फरक तर आम्ही आधीच वजा केलेला असतो. प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर तो कधी पोचला असता, अशी बदलून घ्यावी लागते. ते केलं नाही तर घडी विस्कटते.

त्या झोक्यावरून कक्षा मोजता येते. आपल्या नजरेच्या दिशेने तारा मध्यापासून जेमतेम 63 प्रकाश-मिलिसेकंद पुढेमागे होतो, म्हणजे सुमारे 19 हजार किलोमीटर. पृथ्वीच्या त्रिज्येच्या तिप्पट. 11 हजार प्रकाशवर्षांवरच्या वस्तूची एवढीशी हालचाल आपण फक्त ठोक्यांच्या वेळेवरून मोजतो. साथीदाराचं वस्तुमानही त्यातूनच निघालं. म्हणून "चारशे कशावरून?" या प्रश्नाला माझं उत्तर असं: दोन तासांवरून. चारशेचा आकडा एकटा असता तर मीही शंका घेतली असती. तो दोन तासांच्या झोक्यात नेमका बसतो, आणि त्यानंतर तो पुन्हा उजळला त्या उद्रेकांत, 2000, 2002, 2005, 2008, 2011, 2015, 2019 आणि 2022 मध्ये, तोच तारा त्याच कक्षेत सापडतो.

या शोधाची वाट सोळा वर्षं पाहिली जात होती, आणि त्या कथेत आपली माणसं आहेत. 1982 मध्ये डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून सेकंदाला 642 वेळा फिरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने ठोके देणारा फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला. कुलकर्णी मूळचे कुरुंदवाडचे, तेव्हा बर्कलीत विद्यार्थी होते. एरवी पल्सार वयाबरोबर मंदावतात, मग हा एवढ्या वेगात कसा? बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवलं, आणि अमेरिकेत अल्पर, चेंग, रुडरमन आणि शाहम यांनीही स्वतंत्रपणे तेच: हा म्हातारा तारा आहे, साथीदाराच्या वायूने त्याला पुन्हा गती दिली आहे. तबकडीतला वायू फिरत येतो आणि आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, ताऱ्याला देतो. कोट्यवधी वर्षं हे चाललं तर तारा मिलिसेकंदांवर पोचतो. विचार पटणारा होता, पण गती घेत असलेला तारा प्रत्यक्ष पकडायला हवा होता. 1998 मध्ये तो पकडला गेला.

401 या आकड्याला दुसरा साक्षीदारही आहे. ताऱ्यावर साठलेला हायड्रोजन-हेलियमचा थर कधीकधी अणुकेंद्रीय स्फोटाने पेटतो. काही सेकंदांत चमक अनेक पट वाढते आणि मग ओसरते. ऑगस्ट 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने आमच्याच ताऱ्यावरचा असा स्फोट टिपला. वीस सेकंदांत बाहेर पडलेली ऊर्जा सूर्य जवळजवळ दहा दिवसांत देतो तेवढी होती. स्फोटाच्या वेळी पृष्ठभाग सगळीकडे सारखा तेजस्वी नसतो, त्यामुळे तेव्हाही स्पंद दिसतात. असे स्पंद पहिल्यांदा 1996 साली 4यू 1728-34 या दुसऱ्या ताऱ्यावर दिसले होते, 363 हर्ट्‌झला. पण ती वारंवारता खरोखर फिरण्याचीच की तिची दुप्पट, यावर बरीच वर्षं वाद होता. ऑक्टोबर 2002 च्या उद्रेकात सॅक्स जे 1808 चे स्फोट 401 हर्ट्‌झलाच स्पंदले आणि वाद मिटला. एकाच ताऱ्यावर दोन वेगवेगळ्या कारणांनी उजळलेले डाग एकच वेग सांगत होते. 4यू 1728-34 चे 363 हर्ट्‌झ पुढे आपल्या लॅक्सपीसीनेही पकडले, तो निकाल आला तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

निरीक्षणाची खरी कसोटी धीराची असते. हे तारे बहुतेक वेळ शांत असतात. आमचा तारा दोन ते चार वर्षांतून एकदा उजळतो, काही आठवडे तेजस्वी राहतो. कुणाच्या तरी उपकरणात तो वाढताना दिसला की जगभर निरोप जातात आणि मग दुर्बिणी वळवण्यासाठी विनंत्या सुरू होतात. 2019 मध्ये दृश्य प्रकाशात तो क्ष-किरणांच्या सुमारे बारा दिवस आधी उजळू लागला होता. त्या उद्रेकात अ‍ॅस्ट्रोसॅटनेही त्याचं निरीक्षण केलं, 401 ची लाट मिळाली. ही नोंद इस्रोच्या संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येते. पायथन येणाऱ्या बीएस्सीच्या मुलांना मी आग्रहाने सांगते की एकदा स्वतः घडी घालून बघा. माझ्या सांगण्यापेक्षा ती लाट जास्त पटते.

यापुढचा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात: याहून वेगाने का फिरत नाहीत? न्यूट्रॉन तारा हजाराहून अधिक फेऱ्यांपर्यंत न फुटता टिकेल, असं गणित म्हणतं. पण आजवरचा सर्वांत वेगवान टेर्झान 5 या तारकागुच्छातला रेडिओ पल्सार आहे, 716 फेऱ्यांचा. क्ष-किरणांतले तर साधारण सहाशेच्या घरात थांबतात. काहींच्या मते चुंबकीय क्षेत्र तबकडीला मागे रेटतं, तिथे गती थांबते. काहींच्या मते ताऱ्यावर बारीकसा उंचवटा असेल तर तो गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, सोडत राहतो आणि वायूने दिलेली गती त्यात खर्च होते. मला हा दुसरा विचार जास्त ओढ लावतो, कारण तो तपासता येण्यासारखा आहे.

तपासायला सर्वांत योग्य तारा म्हणजे वृश्चिकेतला स्को एक्स-1. 1962 साली सूर्यमालेबाहेर सापडलेला हा पहिला क्ष-किरण स्रोत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून बलून सोडून त्याचीच मोजणी केली होती. आकाशातला सर्वांत तेजस्वी कायमचा क्ष-किरण स्रोत, फोटॉनचा पूर, तरीही त्यात स्पंद सापडलेले नाहीत. साथीदाराचा वायू ओढणारे असे न्यूट्रॉन तारे शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतले मोजके दोन डझनांच्या आसपासच आपली फेरी अशी उघड दाखवतात. स्को एक्स-1 चा वेग कळला, तर गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांना एकाच वारंवारतेजवळ कान लावता येईल. आज त्यांना शेकडो हर्ट्‌झचा पट्टा चाळावा लागतो. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला या लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहील, तेव्हा तिच्याही यादीत हा तारा असेल. त्याआधी क्ष-किरणांतून त्याची फेरी सापडावी म्हणून जगभरात शोध चालू आहे. जुन्या नोंदी नव्या पद्धतींनी पुन्हा चाळल्या जात आहेत, आणि त्यात लॅक्सपीसीच्या नोंदीही आहेत.