पुणे-नागपूर विमानाने, आणि मधलं न आलेलं मनमाड

तिकिटावर लिहिलं होतं 1 तास 25 मिनिटं. ते वाचून आईला म्हटलं, चहा पिऊन निघायचं आणि संध्याकाळचा चहा मावशीकडे. मोठा शहाणा मी!

कोथरूडहून दीडला निघालो. कर्वे रोड, संगमवाडी, येरवडा, मग नगर रोडवर जे अडकलो ते अडकलोच, लोहगावला पोचायला तीन वाजले. नवीन टर्मिनल मस्त आहे, ऐसपैस, पण आईचा सगळा जीव मांडीवरच्या डब्यात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लग्नानंतर पन्नास वर्षं माहेरी जाताना तिचा डबा मनमाडलाच उघडायचा, असा नियमच होता.

4.40 चं विमान हललं खरं, पण रनवेच्या अलीकडे रांगेत थांबलं. लोहगावचा रनवे मुळात हवाई दलाचा, आपली विमानं तिथे पाहुणी. वीस मिनिटं झाली. आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "आउटरला उभी केलीये का रे?" पुढच्या सीटवरचे काका खो खो हसले. तेवढ्यात एक सुखोई असलं काही गर्जत उडालं की आईने कानावर हात ठेवले आणि मग वळून मला विचारते, त्याला बरा सिग्नल मिळाला?

वर गेल्यावर तिचं सुरू झालं, दौंड गेलं का, नगर गेलं का. मी सांगितलं की अगं रेल्वे दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घालते म्हणून जवळपास 890 किलोमीटर होतात, विमान सरळ जातं म्हणून 605 च्या आसपास, मनमाड आपल्या डावीकडे लांब कुठेतरी राहिलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग डबा कधी उघडायचा?" मला उत्तरच सुचेना. थोड्या वेळाने म्हटलं चल आताच उघड, तर नेमकी बेल्ट बांधायची घोषणा झाली, कानांना दडे बसले, खाली नागपूर.

बॅगा यायला वेळ लागला, तिथेच ट्रॉलीवर टेकून तिने डबा उघडला. "हे घे. मनमाड."

मावशीच्या दारात साडेसात. "काहून वो, इतका उशीर?" सहा तासांत 605 किलोमीटर, म्हणजे तासाला शंभर, एवढ्या वेगाने तर एक्सप्रेसवेवर आपली कारही जाते. म्हणून विमानाची वेळ कोणी सांगितली की मी आता आधी विचारतो, घरापासून की रनवेपासून?

ज्या लग्नासाठी आलो होतो ते झालं, सावजी खाऊन पोट बिघडलं, चार दिवस संपले.

परतीला आईने हट्टाने रेल्वेचं तिकीट काढायला लावलं. मनमाड रात्री अडीचला आलं आणि बाई गाढ झोपलेल्या. उठवायचं धाडस झालं नाही, डबा मी एकट्यानेच संपवला. सकाळी बोलणी खाल्ली ती वेगळी.