मुंबई–न्यूयॉर्क, अवघ्या साडेसहा तासांत!

निमंत्रण, व्हिसा, परिषद, शोधनिबंध, सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती परत आल्यावर, लेखा शाखेत.

टीए बिलात, म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलात, 'अंतर (किमी)' आणि 'प्रवासाचे एकूण तास' असे रकाने असतात. मी अंतर १२,५०० लिहिलं, जातानाचे तास १६, येतानाचे साडेचौदा. फाईल परत आली, वर लाल शाईत शेरा : 'तिकिटाशी तास जुळत नाहीत. खुलासा करावा.'

तिकिटाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं वजाबाकी केलेली. मुंबईहून रात्री २ ला सुटलं, न्यूयॉर्कला सकाळी ८.३० ला पोचलं, म्हणजे साडेसहा तास. येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबई, म्हणजे चोवीस. "सर, तेच अंतर आणि एवढा फरक? आमची एसटीसुद्धा इतकी लेट होत नाही."

अहो साहेब, तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते! सप्टेंबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. साडेसहात साडेनऊ मिळवा, चोवीसमधून साडेनऊ काढा. त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. पटलं. वाटलं, सुटलो.

"मग येताना दीड तास कमी कसा?"

विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. "याला काही आधार जोडता येईल का?" आता वाऱ्याचा दाखला कुठल्या तहसीलमधून आणायचा?

मग निघालं अंतर. आधीच्या एका प्राध्यापकांच्या मंजूर बिलात ७,७८७ होतं, माझं एवढं जास्त का? ते मैल होते, आणि किलोमीटरच्या रकान्यात बिनबोभाट खपले होते. विमान-जहाजवाल्यांच्या नॉटिकल मैलांत तोच आकडा पावणेसात हजारांच्या आसपास येतो, हे मात्र मी गिळलं. नाहीतर तिसरा शेरा पडला असता. खरं तर १२,५०० हेही पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेघ मुंबईहून वायव्येला पाकिस्तानवरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, त्यानंतरचा माझा प्रवास. आमचं विमान आधी अरबी समुद्रावरून वळसा घालून गेलं. वळशाचे किलोमीटर मी मागितलेही नव्हते.

शेवटी एका कोऱ्या कागदावर सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या प्रमाणवेळेत मांडल्या : जाताना २०.३० ते दुसऱ्या दिवशी १२.३०, येताना १५.३० ते दुसऱ्या दिवशी ६.००. खाली सही, विभागाचा शिक्का. शिक्का बघितल्यावर वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बिल पास.

तेव्हा हा कागद बिलासोबत पहिल्याच दिवशी जोडा. बोर्डिंग पासचे तुकडे टाकू नका, तेही मागतात. अंतराच्या आकड्यापुढे 'किमी' ठळक लिहा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, मार्चपर्यंत फरक साडेदहा तासांचा होतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी माझा साडेनऊचा हिशेब जसाच्या तसा उतरवू नये. लेखा शाखेतले साहेब वजाबाकी नक्की करून बघतात.