तुम्ही विचारलंत म्हणून: हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबू का?

अमोनिया प्लांटमध्ये (हायड्रोजनपासून खतासाठी अमोनिया करतात तिथे) शिफ्टा करत आयुष्य गेलं म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी विचारतंच, "मामा, हायड्रोजनची गाडी कधी येणार? थांबू का?" २०२२ साली गडकरी टोयोटाच्या 'मिराई' या हायड्रोजन गाडीत बसून संसदेत गेले, तेव्हापासून जरा जास्तच.

थांबू नका. शंभर युनिट वीज घ्या, त्यातून पाण्यातला हायड्रोजन काढा, ७०० बारला दाबून टाकीत भरा (तुमच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण तीनशे पट) आणि गाडीत फ्युएल सेलमधून परत वीज करा. चाकापर्यंत तीसेक युनिट पोचतात. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तरच्या आसपास. शिवाय हा वायू फ्लँजमधून (पाइपांच्या जोडातून) कधी हातावर तुरी देईल सांगता येत नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्वाळ दिसतही नाही. मी नवा असताना एका सीनियर ऑपरेटरने हातात खराटा दिला होता. गळतीचा संशय आला की खराटा पुढे धरून चालायचं. हीर पेटले की तिथेच थांबायचं.

मग याची खरी जागा कुठे? युरियाच्या गोणीत. हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया. ४५ किलोच्या एका गोणीमागे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच पाण्यातून काढायचा तर गोणीमागे सव्वादोनशे-अडीचशे युनिट, म्हणजे आमच्या घराची दोन महिन्यांची वीज. २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. मला विचाराल तर त्यातला पहिला टन खताला आणि रिफायनरीला, मग पोलादाला. गाडी रांगेत शेवटी.

मेख एकच आहे. युरियाच्या रेणूत कार्बनही असतो. गोणीमागे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, जो कारखान्याला आज त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो. (शेतात पडल्यावर परत हवेत जातो, ते वेगळंच.) हायड्रोजन पाण्यातून काढला की हा कार्बन डायऑक्साइड कुठून आणायचा? म्हणून सुरुवात डीएपी या खतापासून करावी. त्यालाही अमोनिया लागतो, पण त्यात कार्बनचं काम नाही.

इथवर येईतो जिलबी आलेली असते. परवा भाचा ती मोडत म्हणाला, "म्हणजे मामा, सीएनजीच घेऊ ना?"